वरच्या दुधाबद्दलही सांगायला हवे

जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. आईचे दूध सर्वोत्तम, यात वाद नाही. पण ज्या आईला वरचे दूध द्यावेच लागते, तिच्या वाट्याला त्यातून अपराधीपणाच येतो. १९९२च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आणली, ती योग्यच. दूध कसे बनवावे हे आईला शिकवण्यावर मात्र बंदी नाही. लाजेपोटी ती विचारत नाही आणि चुका तिथेच होतात. डबा पुरवायचा म्हणून पावडर कमी घातली, तर बाळाचे वजन वाढत नाही. जास्त घातली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. आधी उकळलेले पाणी मोजून घ्यावे. ते साधारण ७० अंश सेल्सिअस असताना डब्यातल्याच चमच्याने, सपाट मापाने पावडर घालावी (बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक चमचा असतो, तरी आपला डबा वाचावाच). कोमट झाल्यावर, शक्यतो वाटी-चमच्याने पाजावे आणि उरलेले टाकून द्यावे. वरचे दूध सुरू असलेल्या बाळाला घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने आईकडून हे एकदा समोर करून घ्यावे. त्यासाठी दहा मिनिटे पुरतात.

– एक स्तनपान समुपदेशक, सातारा