मिरवणूक प्राण्यांची, मान मुलांचा

अमेरिकेतील लहान शहरांच्या उत्सवांवरील रविवारच्या लेखात पाळीव प्राण्यांच्या मिरवणुकीला ‘श्रीमंतांची हौस’ म्हटले आहे, ते पटले नाही. न्यू मेक्सिकोतील सांता फे शहराचेच उदाहरण घ्या. तेथे या मिरवणुकीचे स्पॅनिश नाव ‘देस्फिले दे लोस निन्योस’, म्हणजे चक्क ‘मुलांची मिरवणूक’! १७१२ च्या जाहीरनाम्यात मूळ असलेल्या तेथील फिएस्ता उत्सवाचा ती भाग आहे. त्यासाठी महागडे जातिवंत कुत्रे लागत नाहीत; घरचे साधे कुत्रे सजवून मुले जुन्या प्लाझाभोवती चालतात आणि गावकरी दुतर्फा उभे राहून कौतुकाने पाहतात. गावाचा मुख्य चौक वर्षातून एकदा पोरांच्या हवाली करणाऱ्या परंपरेला हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

– एक वाचक, नाशिक