काकाजी, जुने सेट पुन्हा हवेवर आणल्याबद्दल

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

केनवूड टीएस-520 असो की येसू एफटी-101ई, नागपुरात असा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ सेट कुणाच्या हाती आला की तुम्ही त्याला स्वतःचा व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) देता, शेजारी बसून शिकवता. त्याबद्दल आम्हा हॅम (हौशी रेडिओ) मंडळींचे हे मनापासून आभार. तुमची पद्धत पुढच्यांच्याही कामी यावी, म्हणून तपशिलासकट लिहितो आहोत.

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट 230 व्होल्टवर लावायचा नाही, हा तुमचा पहिला धडा. आधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी पाहायची. जपानच्या बाजारातला सेट 100 व्होल्टवर बांधलेला असू शकतो. मग हीटरचा स्विच बंद ठेवून, 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन, व्हेरिॲकनं काही तासांत हळूहळू दाब (व्होल्टेज) वाढवायचा. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो. एकदम पूर्ण दाब आला की विजेची गळती वाढते, कंडेन्सर तापतो आणि फुटतो. बल्ब उजळच राहिला तर पुढे जायचं नाही.

आत हात घालण्याआधी प्लग काढायचा, 10 किलोओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरनं एचटी (सेटमधलं उच्च व्होल्टेज) चॅसीवर (धातूच्या सांगाड्यावर) उतरवायचं आणि मीटरनं खात्री करायची. टीएस-520 च्या फायनल व्हॉल्व्हच्या (अँटेनाला शक्ती देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) प्लेटवर 800 व्होल्टच्या आसपास दाब असतो. या बाबतीत तुम्ही कुणालाही सूट देत नाही, आणि तेच बरोबर आहे.

सर्वात जास्त पैसे वाचवले ते मात्र कपलिंग कंडेन्सरच्या (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे फक्त सिग्नल नेणाऱ्या कंडेन्सरच्या) धड्यानं. फायनलची प्लेट लाल झाली की लोक नवे व्हॉल्व्ह शोधायला निघतात. खरा दोषी बऱ्याचदा 12बीवाय7ए ड्रायव्हरची (फायनलला सिग्नल पुरवणाऱ्या व्हॉल्व्हची) प्लेट आणि फायनलचा ग्रिड (करंट काबूत ठेवणारी जाळी) यांमधला कंडेन्सर असतो. तो गळू लागला की ड्रायव्हरचा धन दाब ग्रिडवर येतो, बायस (ग्रिडवरचा ठरावीक ऋण दाब) उडतो आणि नवी जोडीही जळते. टीएस-520 मधल्या 6146बी साठी तपासणी सोपी आहे: दोन्ही फायनल काढायचे, मोकळ्या प्लेट कॅप नीट इन्सुलेट करायच्या आणि सॉकेटच्या 5 नंबरच्या पिनवर मीटर लावायचा. तिथं ठळक ऋण दाब हवा. तो शून्याकडे सरकत असेल तर कंडेन्सर बदलायचा: मूल्य तेच, पण 1,000 व्होल्टचा सिल्व्हर मायका.

त्यानंतर बायस. सेट पंधरा मिनिटं तापू द्यायचा, डमी लोड जोडायचा, माइक गेन शून्यावर, आणि प्लेट करंट 60 मिलिअँपियर. दोन्ही सेटना हाच आकडा चालतो. व्हॉल्व्ह बदलले की न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्हच्या आतून उलट येणारा सिग्नल रद्द करण्याची जुळणी) पुन्हा करायचंच, कारण नव्या व्हॉल्व्हची आतली कपॅसिटी जुन्यासारखी नसते. 28 मेगाहर्ट्झवर प्लेट करंटची डिप (सर्वात कमी बिंदू) आणि आउटपुटचं शिखर एकाच जागी आलं की काम जमलं. एफटी-101ई मधले 6जेएस6सी मुळात रंगीत टीव्हीसाठी बनलेले. आता त्यांचं उत्पादन होत नाही. म्हणून ट्यूनिंग एका वेळी दहा सेकंदांच्या आत आटोपायचं.

व्हीएफओची (फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरची) फ्रीक्वेन्सी उडी मारत असेल तर आधी व्हेरिएबल कंडेन्सरच्या रोटरचे (फिरत्या भागाचे) अर्थिंगचे स्प्रिंग साफ करायचे. रिलेच्या संपर्कांना पॉलिश पेपर नको, मुलामा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली साध्या कागदाची पट्टी पुरते. बँड स्विचवर क्लीनर फवारायचा नाही, काडीनं थेंबभर लावायचा.

आणि आपल्या उन्हाळ्यासाठी तुमची खास सूचना: कूलरचा झोत सेटवर येऊ द्यायचा नाही. त्या ओल्या हवेनं धूळ चिकटते आणि एचटीच्या भागात गळतीची वाट तयार होते. 45 अंशांच्या दुपारी साधा पंखा लावायचा, सेटच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवायची आणि लांबलचक ट्रान्समिशन संध्याकाळवर ढकलायचं.

काकाजी, तुम्ही वेळेचे पैसे कधी घेतले नाहीत. निदान हे आभार तरी घ्या.

73 (हॅम भाषेत शुभेच्छा),
तुमची नागपूरची हॅम मंडळी