लेन्स आधी दोन दिवस वागवून बघ

पुणे, ७ डिसेंबर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात सांगितलंस, पैसे जमले, आता सोनीची २००-६०० लेन्स (लांबच्या पक्ष्यांसाठी, २०० ते ६०० मिलिमीटरची) घेऊन टाकते. ऐकून फार आनंद झाला. पण फोन ठेवल्यावर बरंच काही सांगायचं राहून गेल्यासारखं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

इतक्यात घेऊ नकोस. एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं आण. बंगळुरात मिळते, आणि नाहीच जमलं तर मी इथून घेऊन ठेवते. दुकानाच्या काउंटरपाशी पाच मिनिटं धरलेली कुठलीही लेन्स पेलवते. ही २११५ ग्रॅमची आहे, मागे तुझा कॅमेरा, म्हणजे पावणेतीन किलो. भिगवणला नावेत पहिला तास काही जाणवत नाही. तिसऱ्या तासाला डावं मनगट थरथरायला लागतं, लेन्स मांडीवर उतरते, आणि पक्षी नेमका तेव्हा येतो. सोनीचीच लहान १००-४०० जेमतेम १४०० ग्रॅमची. तिला १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे पल्ला १.४ पट करणारं मधलं भिंग, लावलास तर ५६० पर्यंत जाता येतं, पण उजेड एका स्टॉपनं, म्हणजे निम्म्यानं, कमी होतो आणि सकाळी साडेसहाला तो स्टॉप जिवावर येतो. दोन्हींतलं कुठलं तुझ्या हाताला झेपतं ते तुझा हातच सांगेल.

जानेवारीत आलीस की भिगवणजवळच्या कुंभारगावला जाऊ. तिथे लेन्सची परीक्षा घ्यायला कवड्या खंड्यासारखा परीक्षक नाही. पाण्याच्या वर एका जागी पंख फडफडवत तो थांबतो, मान मात्र खिळल्यासारखी स्थिर, चोच खाली रोखलेली. मागे चमचमणारं पाणी आणि पलीकडच्या काठाच्या बाभळी. फोकस त्याच्या डोळ्यावर टिकतो की बाभळीवर पळतो ते बघ. शटर १/२००० सेकंदापेक्षा संथ ठेवू नकोस. मग तो दगडासारखा खाली पडतो, तेव्हा दहातले किती फोटो लागले ते मोज. घरी मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात डोळा बघ, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, लांबचा रोहित पक्षी मऊ, धुरकट येतो. लोक लेन्सला नावं ठेवतात, दोष हवेचा असतो. पक्षी जवळ असेल तेव्हाच्या फोटोंवरून निवाडा कर. नावाड्याला मात्र थवा उठवायला कधी सांगू नकोस. रोहित खाली मान घालून चरत असतील तर चरू देत, आपण थांबू.

आता नेण्या-आणण्याचं. याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

प्रवासात कॅमेरा आणि लेन्स नेहमी वेगळी काढून, झाकणं लावून ठेव. जोडलेली ठेवलीस तर प्रत्येक धक्क्याला सगळं वजन जोडावर येतं. उचलताना लेन्सच्या खालच्या पायाला धर, पट्टाही लेन्सलाच अडकव, कॅमेऱ्याला धरून लटकवू नकोस. बॅग घ्यायला जाशील तेव्हा लेन्स बरोबर ने. २००-६०० ची लांबी ३१८ मिलिमीटर आहे, १००-४०० साठी चांगल्या वाटणाऱ्या बऱ्याच बॅगांत ती आडवी मावत नाही. रेल्वेत बॅग बर्थखाली सरकवू नकोस, उशाशी घे.

एप्रिलमध्ये ताडोबाला जायला नागपूरपर्यंत विमानानं येशील. कॅमेरा, लेन्स आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, चेक-इन बॅगेत काहीच नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत. आपल्या कॅमेऱ्याची बॅटरी सोळा-साडेसोळा वॉट-तासांची, परवानगीशिवाय चालणारी मर्यादा १०० ची, त्यामुळे ती काळजी नाही. प्रत्येकीच्या टोकांवर टोपण किंवा चिकटपट्टी हवी. केबिनच्या सामानाला बहुधा सात किलोच मिळतात. घरून निघताना वजन करून नीघ.

लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामीच आण. बाबांच्या जुन्या जीन्सचा पाय कापून मी शिवली होती, आठवते? तशीच एक नवी तुझ्यासाठी शिवते आहे, या खेपेला दुहेरी टाका आणि तोंडाला चेन. चंद्रपूरच्या किराणा दुकानातून तीन किलो तांदूळ घेऊन भरू, सफारीच्या जिप्सीच्या कडेवर ठेवली की लेन्स तिच्यात रुतून बसते. निघताना तांदूळ राहत्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात द्यायचे. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते, आणणारच नाही. उशीचे दोन अभ्रे मात्र नक्की आण. ताडोबातली एप्रिलमधली लाल धूळ कशातही शिरते, गाडी चालू असताना लेन्सवर अभ्रा चढवलेला असावा. आणि उघड्या जिप्सीत लेन्स बदलायची नाही, समोर काहीही येऊ दे.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुला आजवर सांगितली नव्हती. कोकणात वेळासला कासवं बघायला गेलो होतो त्या वर्षी रात्रभर एसी लावून झोपलो, कॅमेरा टेबलावर उघडा. पहाटे बाहेर आले आणि किनाऱ्याच्या दमट हवेत लेन्सच्या पुढच्या काचेवर दव बसावं तसं पाणी धरलं. समोर सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुड बसलेला, चोचीतला मासा मला उघड्या डोळ्यांनी दिसत होता, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता पांढरा पडदा. पुसलं की पुन्हा धरायचं. पंधरा-वीस मिनिटं तो बसला आणि गेला. तेव्हापासून निघायच्या तासभर आधी बॅग बंदच ठेवून एसीबाहेर काढते, आतलं सगळं बाहेरच्या हवेशी जुळू देते.

पावसाळ्याचं पत्र वेगळं लिहीन, लेन्सवरच्या बुरशीचं प्रकरण लांबलचक आहे.

कुंभारगावची नाव जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारची सांगून ठेवली आहे, पहाटे साडेचारला घरून निघू. भाड्याची लेन्स तू आणतेस की मी घेऊ, तेवढं बुधवारपर्यंत कळव. पाण्यावर थंडी असते, बाबांची लोकरीची टोपी कपाटातून काढून ठेवली आहे.

तुझी,
आई