पाय टेकला तरच थांबले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘थांबा’ लिहिलेल्या फलकापाशी सायकलवाले कधीच थांबत नाहीत, त्यांचीही मोटारवाल्यांसारखी पावती फाडा, असे एका वाचकाचे पत्र आपण नुकतेच छापलेत. वाचताना चोरी पकडली गेल्यासारखे वाटले. तेवीस वर्षे मी सायकलवरून कामावर जाते आहे आणि अशा फलकांपाशी मी बहुतेक वेळा पूर्ण थांबत नाही. तेव्हा पुढचे सगळे आरोपीचे म्हणणे समजून वाचावे.

मी नेमके काय करते? फलक दिसला की पायडल मारणे सोडते, बोटे ब्रेकवर येतात, वेग भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त उरतो. दोन्हीकडे मान फिरवून बघते. कोणी येत असेल तर थांबते, रस्ता मोकळा असेल तर तशीच पुढे जाते. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा आहे, कारण चाक फिरायचे थांबलेले नसते. कायदा चाकाबद्दल बोलतो, पायाबद्दल नाही. लोकांना मात्र पाय दिसायला हवा असतो. एकदा मी दोन्ही पाय पायडलवर ठेवून, तोल सांभाळत, दोन-तीन सेकंद अगदी जागच्या जागी उभी होते. तरी मागच्या गाडीची काच खाली झाली आणि आवाज आला, ‘‘बाई, थांबता येत नाही का?’’

माझ्या बाजूचे लोक या वादात दमण्याचा मुद्दा पहिल्यांदा काढतात. पुन्हा पुन्हा थांबून सायकल उचलायची म्हणजे किती ताकद जाते, असे ते सांगतात. मुद्दा खरा आहे, पण सांगितला जातो तितका मोठा नाही. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरा. ताशी १८ किलोमीटर वेगाला त्यांच्यात १,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. साधा माणूस सलग १०० वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो, म्हणजे प्रत्येक पूर्ण थांब्याला त्याची दहा सेकंदांची मेहनत ब्रेकमध्ये जाते. मोटारवाल्याला तेच काम अंगठ्याने पेडल दाबून होते, त्यामुळे त्याला आमची कुरकुर कळत नाही. इथपर्यंत आमचे बरोबर. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. न थांबता मी वेग निम्म्यावर आणला तर वाचते ती फक्त चौथाई ऊर्जा, उरलेली तीन चतुर्थांश तशीही गेलेलीच असते. तेव्हा केवळ दमतो म्हणून आम्हाला सूट द्या, असे मी तरी म्हणणार नाही.

माझा मुद्दा वेळेचा आहे. सायकलचे सगळ्यांत वाईट क्षण म्हणजे निघतानाचे पहिले दोन-चार. पायडल जड, हँडल डगमगते, नजर नकळत पुढच्या चाकाकडे जाते. आणि नेमक्या याच अवस्थेत आपण चौकाच्या मधोमध असतो. १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायचा असला तर थांबल्या जागेवरून निघून मला सुमारे साडेपाच सेकंद लागतात. ताशी ९ किलोमीटरच्या वेगाने शिरले तर सव्वातीन. हा माझा घरगुती हिशेब आहे, सेकंदाने मागेपुढे होईल. पण मधल्या दोन-सव्वादोन सेकंदांत ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार ३० मीटर जवळ येते. रिकामा आहे म्हणून पाहिलेला रस्ता तेवढ्यात भरतो.

शिवाय मोटारवाल्याला जे पूर्ण थांबल्याशिवाय दिसत नाही, ते सायकलवरून आधीच दिसते. त्याच्या डोळ्यांपुढे भलेमोठे बॉनेट असते, त्यामुळे गाडीचे नाक चौकात घातल्याशिवाय त्याला कोपऱ्यापलीकडचे कळतच नाही. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांआड तर अख्खा माणूस लपतो. माझे डोळे पुढच्या चाकापासून हातभर मागे, उंचावर आणि उघड्यावर असतात. कानही उघडे. (कानात गाणी कोंबून सायकल चालवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. त्यांना खुशाल दंड करा.)

मुळात हा फलक कोणासाठी आला, तेही बघावे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये, मोटारींच्याच शहरात, १९१५ साली तो पहिल्यांदा लागला. तेव्हा तो पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा होता. अष्टकोनी आकार १९२०च्या दशकात आला, लाल रंग १९५४ मध्ये. त्या मानाने ‘वाट द्या’ सांगणारा फलक फार उशिरा जन्मला. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तो पहिल्यांदा १९५० साली लागला. म्हणजे मधली पस्तीस वर्षे तिथल्या रस्त्यांना सांगता येत होते ते एकच, थांबा. ‘बघा, दुसऱ्याला जाऊ द्या, मग जा’ हे सांगायला फलकच नव्हता. आज दोन्ही फलक आहेत, ‘थांबा’चा अष्टकोन आणि ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण. सायकलचा सगळा वाद एवढाच आहे की, मोटारीला जिथे अष्टकोन लागू होतो, तिथे सायकलने तो उलटा त्रिकोण समजून वाचावा की नाही. ब्रिटनसारख्या देशात तर मोटारींनासुद्धा बहुतेक ठिकाणी त्रिकोणच असतो. पलीकडचे काही दिसत नाही, अशा मोजक्या तोंडांवर अष्टकोन लावतात. अमेरिकेत मात्र लोक गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्यावर तो मागतात. वेग रोखण्यासाठी हा फलक वापरू नये, असे तिथल्या नियमपुस्तकातच लिहिलेले आहे, तरी मागतात.

म्हणूनच बहुधा यावरचा पहिला तोडगाही तिथेच निघाला. आयडाहो राज्याने १९८२ मध्ये कायदा बदलला. सायकलस्वाराने ‘थांबा’ फलकापाशी वेग कमी करावा, गरज असेल तर थांबावे, ज्याचा हक्क आहे त्याला वाट द्यावी आणि मग जावे. लाल दिव्याला मात्र तिथेही सरळ जाणाऱ्या सायकलला आधी पूर्ण थांबावेच लागते, रस्ता मोकळा बघून त्यानंतर निघता येते. गंमत म्हणजे हा बदल सायकलप्रेमींच्या मोर्च्यातून आलेला नाही. किरकोळ वाहतूक गुन्ह्यांची प्रकरणे न्यायालयात तुंबत होती, ती कमी करावीत म्हणून न्यायालयीन प्रशासनाकडूनच तो पुढे आला. त्यानंतर पस्तीस वर्षे एकाही राज्याने त्याचा कित्ता गिरवला नाही. २०१७ मध्ये डेलावेअरने गिरवला, तोही एक-दोन मार्गिकांच्या लहान रस्त्यांपुरता आणि मुदत घालून. कायद्याच्या आधीचे ३० महिने आणि नंतरचे ३० महिने तिथल्या पोलिसांनी ताडून पाहिले, तेव्हा ‘थांबा’ फलकांच्या चौकांतले सायकलचे अपघात २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. राज्य लहान, अपघातांची संख्याही लहान, त्यामुळे या आकड्यावर मी इमले बांधणार नाही. पण कायदा सैल केला की रक्ताचे पाट वाहतील ही भीती खोटी ठरली, एवढे तर दिसते. २०२१ मध्ये डेलावेअरने तो कायदा कायम केला. तोवर आर्कान्सा, ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूटा अशी राज्ये रांगेत आली होती, पुढे कोलोरॅडो आणि मिनेसोटाही आली.

कायदा अक्षरशः पाळला तर काय होते, याचाही प्रयोग झालेला आहे. २०१५च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांनी सायकलस्वारांवर कडक कारवाई करायचे जाहीर केले. चढ टाळत जाणारा वळणावळणांचा एक रस्ता तिथल्या सायकलस्वारांचा आवडता आहे. एका संध्याकाळी सायकलस्वार तिथे जमले आणि त्यांनी नियम पाळला. दुसरे काहीच केले नाही. एकामागे एक, प्रत्येकाने फलकापाशी येऊन पूर्ण थांबायचे, पाय टेकायचा, आपली पाळी आली की निघायचे. थोड्याच वेळात मोटारींच्या रांगा लागल्या आणि भोंगे वाजायला लागले. ज्यांना आम्ही थांबायला हवे असतो, त्यांनाच आम्ही खरोखर थांबलेले सोसले नाही. आपल्या पत्रलेखक महोदयांनी एकदा तरी अशा रांगेमागे गाडी उभी करून पाहावी.

आता माझ्या विरुद्धचे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असाच कायदा मंजूर केला होता, पण २०२१ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी तो परत पाठवला. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज लहान मुलांना येत नाही, त्यांनी ‘बघून जायचे’ ते कसे, ही त्यांची मुख्य शंका होती. ही शंका मला झटकून टाकता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला मीही ‘थांब, पाय टेक, मग बघ’ असेच शिकवीन. ‘अंदाज घे’ असे सांगायला आधी अंदाज यावा लागतो. पण त्याच्यासाठी लागणारा धडा पन्नाशीच्या बाईवर दंडासकट लादायचा का, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळी, रोजच्याच एका चौकात, मी नेहमीसारखी सावकाश शिरले. दोन्हीकडे पाहिले होते. मोटार नव्हती. मोटार नव्हती म्हणजे रस्ता मोकळा, असे माझ्या डोक्याने परस्पर ठरवून टाकले होते. पट्ट्यांवर पहिले पाऊल टाकलेले एक आजोबा माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला दिसले नाहीत. दिसली ती त्यांची पांढरी काठी, तीही पुढच्या चाकाला लागल्यावर. मी कशीबशी सायकल आडवी घातली. त्यांना इजा झाली नाही, काठी मात्र वाकली. ते रागावलेसुद्धा नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘गाडीचा आवाज येत नव्हता, म्हणून निघालो.’’

मघाशी मी माझ्या उघड्या कानांची फुशारकी मारली. त्या माणसाचा तर सगळा भरवसा कानांवर होता, आणि माझ्या सायकलीला आवाज नाही. मोटारीपुढे मी दुबळी असते, त्याच चौकात त्यांच्यापुढे मी मोटार होते. त्या दिवसापासून पट्टे असलेल्या चौकात कोणी दिसो न दिसो, मी थांबते. पाय टेकून. तिथे सूट मागायचा आम्हाला हक्क नाही. जिथे कोपऱ्यावर भिंत किंवा झाडी आहे आणि पलीकडचे काहीच दिसत नाही, तिथेही नाही.

उरलेल्या चौकांत मात्र कायद्याने वाट देण्याचा आग्रह धरावा, चाक थांबण्याचा नव्हे. सायकलवाल्याने कोणाला ब्रेक लावायला लावला, कोणाचे पाऊल मागे घ्यायला लावले, तर दंड घ्यावा आणि तो आजच्यापेक्षा जबर असावा. यावर पोलिसांचे म्हणणे मला ठाऊक आहे. चाक थांबले की नाही हे लांबूनही दिसते, वाट दिली की नाही हे ठरवायला डोके चालवावे लागते. ते खरे आहे. पण त्यामुळे आज होते असे की, दुपारी दोन वाजता रिकाम्या चौकात हळू जाणाऱ्याची पावती फाटते, कारण ती सोपी असते. गेल्याच वर्षी माझी अशी एक फाटली, चिटपाखरू नसलेल्या तिठ्यावर. मी मुकाट्याने भरली.

काठी वाकली त्या सकाळची मात्र कोणी मागितली नाही.

आपली,
एक सायकलस्वार वाचक