१४ दिवस होते, साहेब

प्रति,
माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

काल तो फोन आला. ‘आमचा माणूस उद्या तुमच्या भावाला तुरुंगात भेटेल.’ हेच वाक्य मला शिक्षेच्या तिसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयातून ऐकवलं होतं, तेव्हा ‘दोन दिवसांत’ असं म्हणाले होते. काल शिक्षेला ५१ दिवस झाले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण एका कारकुनावर राग काढून माझा भाऊ सुटणार नाही.

भाऊ अमेरिकेत, टेक्सासच्या तुरुंगात आहे. एकदा परत पाठवल्यावर त्याने पुन्हा विनापरवाना सीमा ओलांडली, हा त्याचा गुन्हा. त्याने तो केला, मी नाकारत नाही. आधीची शिक्षा नसलेल्या माणसाला या गुन्ह्यासाठी तिथे जास्तीत जास्त २ वर्षं होतात. न्यायाधीशांसमोर मार्गदर्शक तक्ता असतो, त्यात अशा माणसाला शून्य ते ६ महिने. भावाला ११ मिळाले. तक्ता बंधनकारक नसतो हे मला आता कळलंय. पण अपिलाला जागा होती की नाही?

त्या अपिलाची मुदत १४ दिवसांची. कारणं नंतर मांडायची, आधी फक्त ‘मला अपील करायचं आहे’ अशी नोटीस पुरते. कैद्याने ती शेवटच्या दिवशी तुरुंगाच्या टपालात रीतसर टाकली तरी वेळेत धरतात. एक कागद, साहेब! गुन्हा कबूल करताना त्याने सही केलेल्या करारात अपिलाचा हक्क सोडल्याची ओळ होती. तरीही अशिलाने सांगितलं तर वकिलाने नोटीस द्यायलाच हवी, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलंय. हे त्याला कोण सांगणार होतं? दुभाषा हिंदीचा, तोही फोनवर. आमच्या पोराला कोर्टातलं हिंदी कळत नाही, तो नुसता ‘हो’ म्हणत गेला. योग्य कारण दाखवलं तर न्यायालय आणखी ३० दिवस देऊ शकतं. म्हणजे ४४. तेही गेले.

हे सगळं मी रात्री दोनला उठून, फोनवर ताटकळत, लोकांना विचारून शिकले. तिथे तेव्हा दुपार असते. बिनपगारी रजा झाली. आई दर सकाळी एकच विचारते, ‘गेलं का गं कुणी?’ एकदा मी खोटंच ‘हो’ म्हटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. हे खोटं मला तुमच्या खात्यामुळे बोलावं लागलं.

१९६३ च्या व्हिएन्ना करारातला ३६ वा अनुच्छेद तुम्हाला मी काय सांगणार? अटकेतल्या आपल्या नागरिकाला भेटण्याचा, त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा हक्क त्यात आहे. हाच अनुच्छेद घेऊन आपण पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो आणि १७ जुलै २०१९ ला निकाल मिळवला. मी तेव्हा रडले होते, अभिमानाने. मग तो हक्क सीमा ओलांडणाऱ्या मजुराच्या वेळी का आठवत नाही? परदेशातल्या अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून कल्याण निधी आहे, लोकांच्याच पासपोर्ट-व्हिसाच्या शुल्कातून जमणारा. आम्हाला तोंडी उत्तर मिळालं, ‘तुमची केस बसत नाही.’ लेखी मागितलं, तर फोन ठेवला.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेली १०४ माणसं अमृतसरला लष्करी विमानातून उतरली, बरीचशी प्रवासभर बेड्यांत. चार दिवस चर्चा झाली. त्यांना पाठवणारे एजंट किती आत गेले? आमच्याकडून दोन एकरांचे पैसे नेणारा एजंट नव्या गाडीतून फिरतो, आणि त्याच्या शब्दावर गेलेला आत आहे. मतं मागायला दारात येणारी यंत्रणा तुरुंगाच्या दारात पोचायला ५१ दिवस लावते, तेव्हा आम्ही नागरिक कुणाचे?

अटकेतल्या प्रत्येक भारतीयाच्या हातात पहिल्या आठवड्यात त्याच्या भाषेतला एक कागद द्या, त्यावर मोठ्या अक्षरात ‘१४ दिवस’ लिहा. आणि आज जो माणूस जातोय, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. वकिलाची चूक दाखवून शिक्षेला आव्हान देण्याचा वेगळा अर्ज असतो, त्याला वर्षाची मुदत आहे. तो अर्ज त्याच्यासोबत द्या, मराठी बोलणारा दुभाषा द्या. आणि भावाला सांगा, आई जेवते.

कळावे,
एका कैद्याची बहीण