पौंड निघाले किती, रुपये पोहोचले किती

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या आईची, म्हणजे आमच्या काकूंची, तब्येत बरी आहे. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज येतात आणि काकू आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरापर्यंत एकट्या जाऊन येतात. ही खुशाली आधी कळवून मुख्य विषयाकडे वळतो. गेले पंधरा दिवस तो माझ्या मनात घोळतो आहे, आणि तुझ्या कामाच्या घाईत तो फोनवर नीट सांगता येण्यासारखा नाही.

मागच्या आठवड्यात काकूंचे पासबुक भरून आणले आणि तू लंडनहून त्यांच्यासाठी पाठवलेल्या १४ हप्त्यांच्या नोंदी समोर घेऊन बसलो. प्रत्येक नोंदीपुढे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा पौंडाचा संदर्भ दर लिहिला, तू पाठवलेल्या पौंडांना त्याने गुणले आणि प्रत्यक्ष जमा झालेल्या रुपयांशी ताडून पाहिले. एकही हप्ता पूर्ण उतरलेला नाही. प्रत्येक वेळी दोन ते तीन टक्के रक्कम वाटेतच गळालेली आहे. तुझी बँक परदेशी पैसे पाठवण्याचे शुल्क घेत नाही असे तू मला सांगितले होतेस आणि ते खोटे नाही, कारण पावतीवरच्या शुल्काच्या रकान्यात खरोखरच शून्य आहे. गळती आहे ती त्याखालच्या ओळीत, विनिमय दरात.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. बाजारात पौंडाचा मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्या बरोबर मधोमध असलेला दर, ११० रुपये आहे असे धर. बँकेने शुल्क न घेता तुला १०७ रुपये २५ पैशांचा दर दिला, तर २,००० पौंडांचे २,१४,५०० रुपये होतात. दुसऱ्या कोणी उघडपणे १२ पौंड शुल्क कापून उरलेले १,९८८ पौंड ११० च्याच दराने बदलले, तर २,१८,६८० रुपये होतात. शुल्क घेणाऱ्याकडून काकूंना ४,१८० रुपये जास्त मिळाले! एवढ्यात व्यायामाच्या बाईंचे कितीतरी दिवसांचे पैसे भागतात. म्हणून शुल्काचा रकाना वाचायचे तू आता सोडून दे. तुझ्या खात्यातून पौंड निघाले किती आणि काकूंच्या खात्यावर रुपये पोहोचले किती, एवढेच दोन आकडे खरे.

शिरोलीच्या फौंड्रीत मी २८ वर्षे हिशेब पाहिला, त्यात निर्यातीची बिलेही होती. परदेशातून मोठी रक्कम यायची असली की आमचे शेठ बँकेच्या ट्रेझरीला, म्हणजे चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या विभागाला, फोन लावायचे आणि पाच-दहा पैशांसाठी घासाघीस करून दर वाढवून घ्यायचे. ज्याने फोन केला नाही त्याला सकाळी छापलेला कार्ड रेट लागायचा. काकूंच्या औषधाच्या पैशांसाठी फोन करणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांना तो कार्ड रेटच लागत गेला. हे मला फार आधी लक्षात यायला हवे होते, याची खंत वाटते. पूर्वीच्या पेढ्यांवर हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठीच्या, व्यवहारात हुंडणावळ म्हणजे शुल्क घेत आणि नाणे परमुलुखातले असले तर बट्टा, म्हणजे किमतीतली वजावट, कापत. पण दोन्ही आकडे गिऱ्हाइकाला वेगवेगळे कळत. आता हुंडणावळ शून्य दाखवून बट्टा दरात मुरवला जातो.

तुझे पहिले दोन हप्ते मात्र वेगळ्या मार्गाने आले होते. ते तू पौंडातच स्विफ्टने पाठवलेस. स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली निरोप पोहोचवणारी यंत्रणा आहे. ती स्वतः पैसे नेत नाही. एक बँक दुसरीला निरोप देते, आणि दोघींचा थेट व्यवहार नसेल तर मध्ये तिसरी बँक येते व आपला वाटा कापून घेते. त्यानंतर इथल्या बँकेने पौंडांचे रुपये करताना आपला दर लावला आणि त्यावर जीएसटी घेतला. हा कर मात्र पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का, आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के घेतात. सव्वादोन लाखांच्या आसपासच्या रकमेवर तो तीनशे रुपयांच्या आतच बसतो. म्हणून जीएसटीला दोष देऊ नकोस.

आता उपाय सांगतो. तू लंडनमध्ये आहेस आणि वाइज नावाचे अ‍ॅप तुझ्याच शहरात जन्मले आहे. टावेट हिनरिकस आणि क्रिस्टो कारमान या दोन एस्टोनियन मित्रांनी ते २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज या नावाने सुरू केले आणि २०२१ मध्ये त्याचे नाव वाइज झाले. एकाला पगार युरोत मिळायचा आणि खर्च लंडनमध्ये पौंडात असायचा. दुसऱ्याला पगार पौंडात मिळायचा आणि घराच्या कर्जाचा हप्ता युरोत भरावा लागायचा. तेव्हा पहिल्याने दुसऱ्याच्या खात्यात युरो भरायचे, दुसऱ्याने पहिल्याच्या खात्यात पौंड, आणि दर मधला धरायचा, असे त्यांनी ठरवले. पैशाने सीमा ओलांडलीच नाही, मग बँकेला कापायला काही उरले नाही. ही युक्ती मला फार आवडली, कारण तिच्या मुळाशी दोन मित्रांचा एकमेकांवरचा विश्वास आहे. आजही तत्त्व तेच आहे: तू पौंड त्यांच्या ब्रिटनमधल्या खात्यात भरतोस आणि इथे रुपयांतल्या पैशातून काकूंच्या खात्यावर रक्कम जमा होते. शुल्क द्यावे लागतेच, पण ते पाठवण्याआधी वेगळ्या ओळीत दिसते. त्यातही अ‍ॅपमध्ये पैसे कार्डाने न भरता बँक खात्यातून भर. क्रेडिट कार्डाने भरल्यास ते महाग पडते.

माझी कन्या डब्लिनला शिकते आणि मैत्रिणीकडे बेलफास्टला गेली की तिला पौंड लागतात. ती एकाच अ‍ॅपमध्ये युरो आणि पौंड दोन्ही ठेवते आणि लागतील तेवढेच बदलते. तिच्याकडून कळलेली एक गोष्ट तुझ्याही कामाची आहे. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असल्यामुळे काही अ‍ॅप त्या दोन दिवसांत दरावर जादा आकार लावतात. तू नेमका रविवारी निवांत बसून पैसे पाठवतोस. ते मंगळवार-बुधवारवर ने.

आता एक गोष्ट जरा कळकळीने लिहितो. तुमच्या तिकडे आपल्याच भागातला कोणी तुला म्हणाला की पौंड माझ्या हातात दे, कोल्हापुरात माझा माणूस काकूंना रोख रुपये नेऊन देईल, शुल्क काही नाही आणि दरही चढा, असे तू मागे सांगितले होतेस. ते अजिबात करू नकोस. त्या दोन एस्टोनियन मित्रांच्या अदलाबदलीसारखे ते वरवर दिसते, पण हा हवाला आहे आणि परकीय चलनाच्या १९९९ च्या फेमा कायद्याने तो बेकायदा ठरतो. ते पैसे कोणाचे आहेत हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि उद्या चौकशी आली तर दारात उभ्या राहतील त्या काकू.

रक्कम माझ्या खात्यावर पाठवण्याचा तुझा विचारही मला पटत नाही. मुलाने आईला दिलेल्या पैशावर आईला कर लागत नाही, मात्र मित्र हा आयकर कायद्याच्या लेखी नातेवाईक नसतो, आणि वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर मिळालेली भेट माझे उत्पन्न धरली जाईल. काकूंच्या खात्यावरच पाठव. बँकेत जाऊन त्यांना लागतील तेवढे काढून आणण्याचे काम माझे.

दिवाळीला येशील तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेव. तुझे तिकडचे कार्ड इथल्या एटीएममध्ये किंवा दुकानात वापरताना यंत्र विचारते की पैसे पौंडात घ्यायचे की रुपयांत. नेहमी रुपयेच निवड, कारण पौंड निवडलेस तर दर त्या यंत्राच्या मालकाच्या हातात जातो. दुसरे, एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याला ब्रिटनचा मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ पासून आहे. तुझ्या बँकेत ती सोय असेल तर आताच सुरू करून घे, म्हणजे रिक्षापासून मिसळीपर्यंत सगळे त्यावर भागेल.

पुढचा हप्ता पाच तारखेला हवा आहे. त्याआधी, याच मंगळवारी, नव्या अ‍ॅपमधून फक्त ५० पौंड पाठवून बघ. काकूंचे नाव पासबुकावर आहे तसेच, अक्षराचाही फरक न करता, भर. रुपये जमा झाल्याचा मेसेज काकूंच्या फोनवर आला की त्या दिवसाचा दर समोर ठेवून मी हिशेब करतो आणि रात्री तुला फोन लावतो.

तुझा,
शाळेतला बाकसोबती