फी अर्धी, पण आधी पूर्ण भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्यासकट सगळ्याच पेपरांत पेढे भरवणाऱ्या आयांचे फोटो येतात. त्यांतली काही कुटुंबं पंधरा दिवसांत माझ्या दुकानात येऊन उभी राहतात, तेव्हा पेढे संपलेले असतात. बडोद्याला दांडिया बाजारातल्या एका बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. पूर्वी नुसत्या झेरॉक्स आणि लॅमिनेशन होतं, आता निम्मा धंदा ऑनलाइन फॉर्मांचा. जून-जुलैत माझं घर इंजिनीअरिंगच्या प्रवेशांवर चालतं. म्हणजे ज्या गोष्टीची तक्रार करतोय तिच्यावरच माझं पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दर मोसमात एक वाक्य ऐकतो. "सरकारी ठिकाणी लागलंय ना, मग फीची कसली काळजी? स्कॉलरशिप आहेच की." बोलणारा कधी मामा असतो, कधी शेजारी, एकदा तर शाळेतले सरच होते. वाक्य खरं आहे. फक्त स्कॉलरशिप कोणत्या महिन्यात हातात पडते, ते कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याच भागातली एक मुलगी, वडील सोसायटीत वॉचमन, आई लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जाते. मुलीला दुसऱ्या शहरातल्या एका सरकारी इंजिनीअरिंग विद्यापीठात जागा लागली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्यांनी नियमाबाहेर काहीही केलेलं नाही. नियम असा की यादीत नाव लागलं की ठरलेल्या तारखेच्या आत फी भरायची, नाही भरली तर जागा पुढच्याची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता माय-लेकी दुकानात आल्या. आईच्या हातात स्टीलचा डबा. वर दोन पोळ्या आणि लोणचं, खाली रुमालात गुंडाळलेले पैसे. अठ्ठावीस हजार. बाकीचे खात्यात होते.

पैसे होते, भरता येईनात. मुलीने त्याच दिवशी नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं होतं, आणि नव्या फोनवर पहिले चोवीस तास ५,००० च्या वर पैसे जात नाहीत. हे तिला माहीत नव्हतं, मलाही त्या दिवशीच कळलं. बँक बंद. आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही भरून टाका, मी इथे उभी आहे." मी माझ्या खात्यातून भरले. पावती छापून दिली तेव्हा पावणेबारा झाले होते, कारण मध्ये साइट दोनदा बसली. डब्यातल्या पोळ्या शेवटी आम्ही तिघांनी खाल्ल्या. (घरी बायकोला हे तीन दिवसांनी सांगितलं. तिचं म्हणणं काय होतं ते इथे छापण्याजोगं नाही.)

ते अठ्ठावीस हजार आले कुठून, ते नंतर कळलं. बाईंची भिशी होती, त्यांचा नंबर नोव्हेंबरात. जुलैत उचलायची म्हणून ज्या बाईचा जुलैचा नंबर होता तिला वर दीड हजार द्यावे लागले. त्याची पावती मिळत नाही आणि कुठल्याही फॉर्मात तो रकाना नाही. पण शिक्षणाचा खर्च म्हणून मी तो धरतो.

आता योजनांचं. मी रोज भरतो म्हणून पाठ आहेत. आपल्याकडे गुजरातेत मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना २०१५ पासून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत आणि बारावीला ८० पर्सेंटाइल असेल तर इंजिनीअरिंगच्या शिकवणी फीच्या निम्मी रक्कम किंवा ५०,०००, जे कमी असेल ते मिळतं. पुस्तकं-साधनांसाठी ५,०००. तालुक्याबाहेर शिकायला गेलं आणि तिथे सरकारी वसतिगृह नसलं तर राहण्या-जेवणासाठी दरमहा १,२००, तेही दहा महिने. पुढच्या वर्षी चालू ठेवायची तर निम्मे मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. चांगली योजना आहे, मी स्वतः शेकड्यांनी फॉर्म भरलेत. पण फॉर्मला फी भरल्याची पावती जोडावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मग अर्धे परत मागायचे.

इथे एक गोष्ट पालकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण दरवर्षी चार-पाच जण यात अडकतात. अट ८० पर्सेंटाइलची आहे, म्हणजे शंभरांतल्या ऐंशी मुलांच्या पुढे असण्याची, ८० टक्क्यांची नाही. सायन्सच्या मुलाला ८० पर्सेंटाइल मिळतात तेव्हा टक्के त्याहून बरेच कमी असतात. मार्कशीटवर पर्सेंटाइल रँक छापलेला असतो, तो बघा. "आमच्याला ऐंशी नाही पडले हो" म्हणून फॉर्म न भरता निघालेल्या एका काकांना मी रस्त्यावरून हाक मारून परत बोलावलं आहे.

याच्या उलट पद्धतही याच देशात चालते. एआयसीटीई म्हणजे केंद्राची तंत्रशिक्षण परिषद. तिची शिकवणी फीमाफी, ज्याला फॉर्मात टीएफडब्ल्यू म्हणतात, तिच्यात प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात. साठ मुलांच्या वर्गात तीन. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. जागा लागली की शिकवणी फी मागतच नाहीत, बाकीचे आकडे तेवढे भरायचे. कोणाला काही परत मागायला नको. अडचण एवढीच की तीन जागांसाठी मेरिट भयंकर वर जातं, आणि एकदा घेतली की शाखा बदलता येत नाही. सुरतेच्या एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांत उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिकवणी फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ. तिथे मुळात भरायचा आकडाच खाली येतो. मग राज्याच्या योजनेत हे का जमू नये? उत्पन्नाचा दाखला सरकारनेच दिलेला, पर्सेंटाइल सरकारी बोर्डाने छापलेलं, प्रवेशही सरकारी समितीनेच दिलेला. तिन्ही कागद एकाच सरकारचे. पात्र मुलाकडून खिडकीवर अर्धीच फी घ्यावी आणि उरलेली विद्यापीठाने सरकारकडून वसूल करावी. विद्यापीठाला सहा महिने थांबणं परवडतं. पोळ्या लाटणाऱ्या बाईला नाही.

राहण्या-जेवणाचं तर विचारूच नका. त्या मुलीला पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळालं नाही. चार मुली एका खोलीत राहतात, जेवणासकट महिना ६,५००, वर एक महिन्याचं डिपॉझिट. १,२०० रुपयांत त्या घरात कोणी तिला सहा दिवसांच्या वर ठेवणार नाही. मी बाईंबरोबर बसून वर्षाचा हिशेब मांडला. शिकवणी फी निम्म्याहून कमी निघाली. बाकी सगळं खोली, डबा, रेल्वे, ड्रॉइंगचं सामान आणि एक जुना लॅपटॉप, जो तिच्या मामाने दिला आणि ज्याचा चार्जर आम्ही खंडेराव मार्केटजवळून आणला. सगळी चर्चा फीची आणि घर मोडतं डब्यापायी.

बडोदेकराचं पत्र महाराजांचं नाव घेतल्याशिवाय पुरं होत नाही, म्हणून घेतो. कलाभवन सयाजीरावांनी १८९० साली काढलं, तेच १९४९ साली विद्यापीठ झाल्यावर इंजिनीअरिंगची फॅकल्टी झालं. हे इथे सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानाने कोलंबियाला शिकायला जी शिष्यवृत्ती दिली, तीही सगळ्यांना माहीत असते. पण ती कशी दिली होती हे बघा: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. दर महिन्याला. महाराजांच्या दरबारातल्या कुणाला तरी एवढं कळत होतं की विद्यार्थ्याला दर महिन्याला जेवावं लागतं. बदल्यात परत येऊन संस्थानाची नोकरी करायचा करारही लिहून घेतला होता, तेव्हा दरबार काही भाबडा नव्हता. आणि नोकरीवर आल्यावर याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, तेही विसरण्यासारखं नाही. आमच्या मुलांच्या खोल्यांच्या अडचणीशी त्याची तुलना करायचा वेडेपणा मी करत नाही. पैसे कसे द्यावेत याची रीत बघा, एवढंच म्हणतो.

कागदांबद्दल थोडं. आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण आहे. बापाचं नाव आधारवर नुसतं सुरेश. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सुरेशराव. आणि कचेरीतल्या भल्या माणसाने प्रेमाने लिहिलेलं आवकच्या, म्हणजे उत्पन्नाच्या, दाखल्यावर सुरेशभाई. तीन कागद, तीन माणसं. मग अॅफिडेविट. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा अॅफिडेविटचा कोरा मसुदा टाइप करून तयारच असतो, इतकी ही नेहमीची भानगड आहे. दाखला काढताना काउंटरवरच वाचून घ्या, लाजू नका. आणि उत्पन्नाचा दाखला तीन वर्षं चालतो, तर बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच काढून ठेवा. जूनमध्ये जनसेवा केंद्राबाहेर जी रांग लागते तिच्यात निम्मी माणसं फक्त उशिरा सुचल्यामुळे उभी असतात.

एक चूक माझीही. त्या मुलीच्या एका योजनेची मदत मंजूर झाली, मेसेज आला, आणि खात्यात पैसे नाहीत. मी बाईंना आठ दिवस "येतील, येतील" म्हणत राहिलो. शेवटी मुलगी सुट्टीत आली तेव्हा उलगडा झाला. आधारवर येणारे पैसे फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलेलं असतं तिथे जातात. तिचं आधार जोडलेलं होतं आठवीत शाळेने काढून दिलेल्या शून्य शिलकीच्या खात्याशी. त्या खात्याचं पासबुक घरात शोधायला दोन दिवस लागले. सापडलं ते गणपतीच्या आरासीच्या खोक्यात, कागदी फुलांखाली. फोटोत मुलीला दोन वेण्या. बँकेत जाऊन केवायसी केल्यावर पैसे निघाले, तोवर दुसऱ्या सत्राची खोली भरायची वेळ आली होती. आता मी फॉर्म भरण्याआधी प्रत्येकाला पहिलं हेच विचारतो, आधार कुठल्या बँकेला जोडलंय. दहांतल्या सात जणांना सांगता येत नाही.

मुलींच्या पालकांना आणखी एक: एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. जागा मोजक्या असतात, पण फॉर्म तरी भरा. कर्जाचं म्हणाल तर पीएम विद्यालक्ष्मी २०२४ साली आली आहे. निवडक संस्थांत प्रवेश असेल तर तारण आणि जामीन लागत नाही, आणि ८ लाखांच्या आतल्या घराला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. बँकेत गेलात की योजनेचं नाव घेऊन बोला. नुसतं "एज्युकेशन लोन" म्हटलंत तर साहेब घराचे कागद मागायला मोकळे.

आपण निकालाच्या दिवसांत एक पान प्रवेशाला देताच. त्यात कट-ऑफच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी: जागा लागल्यापासून पहिल्या चाळीस दिवसांत हातातून रोख किती जातं आणि त्यातलं परत येणारं केव्हा येतं. पाच-सहा पालकांना विचारलंत तरी आकडे मिळतील. मी ज्या बाईंबद्दल लिहिलं त्या बोलायला तयार आहेत, मी विचारलं आहे. नाव छापू नका एवढंच त्यांचं म्हणणं.

आपला,
एक झेरॉक्सवाला
दांडिया बाजार, बडोदा

ता. क. दुकानाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, नाहीतर बायको म्हणेल जाहिरात केली आणि संपादक म्हणतील बिल भरा. भिशीचे वरचे दीड हजार मात्र अजून माझ्या वहीत "कुणाकडून?" या प्रश्नचिन्हासकट लिहिलेले आहेत.